तिरळेपणाची बखर

डोळ्यांच्या व्यंगांसाठी मराठीत शब्दांची ददात नाही. आंधळा, काणा, तिरळा, चकणा, घारा, चिपडा. शिवाय पन्नाशीच्या आत सगळ्यांना गाठणारी चाळेशी. यातले काणा आणि चकणा हे शब्द मोल्सवर्थच्या कोशातही सापडतात. हॉटेलात दारूबरोबर मागतात त्या चखण्याशी चकण्याचा काही संबंध नाही, हे आधी सांगून टाकतो, कारण हा विनोद गेली तीस वर्षं मला कुणी ना कुणी ऐकवत आला आहे. गंमत अशी की नजर तिरकी टाकणाऱ्या नायिकेला आपल्या लावण्यांनी डोक्यावर घेतलं, त्या तिरकेपणाला ‘कटाक्ष’ असं गोंडस नाव दिलं, आणि नजर ज्याची आपोआप तिरकी होते त्याला मात्र शाळेच्या पहिल्या दिवशीच टोपणनाव बहाल केलं. मालवणीत त्याचा ‘चकणो’ झाला आणि तो माणूस म्हातारा होऊन वारला तरी गावाने ते नाव सोडलं नाही.

मी मालवण तालुक्यात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली. पद मोठं वाटतं. काम म्हणजे बाह्यरुग्ण विभागात चष्म्याचे नंबर काढणं, मोतीबिंदूचे रुग्ण शिबिरासाठी निवडणं आणि शाळा-शाळांतून मुलांचे डोळे तपासत फिरणं. आचरा, मसुरे, देवबाग, चौके, कट्टा असा फेरा असे. मोतीबिंदूच्या रुग्णाला काय झालंय ते त्याला ठाऊक असतं आणि काय करायचं ते आम्हाला. तिरळेपणाचं तसं नाही. तिथे रोगाच्या आधी रोगाची कथा येऊन बसलेली असते. त्या कथांचा आणि त्यांच्या पोटात दडलेल्या वैद्यकाचा माग मी निवृत्तीनंतर काढत गेलो. हा लेख त्या धुंडाळणीतून आलेला आहे.

सगळ्यात जुनी कथा डोहाळ्यांची. मसुऱ्याच्या एका आजीने नातवाला पुढे करत मला सांगितलं होतं, “आवशीचे डोहाळे पुरे झाले नाय, म्हणान पोराक असां झाला.” मी तेव्हा हसलो नाही, पण ही अडाणी समजूत आहे असं मानून पुढे गेलो. नंतर सुश्रुतसंहितेचं शारीरस्थान वाचताना तीच आजी समोर उभी राहिली. गर्भिणीच्या इच्छांचा अवमान झाला तर कुबडं, लुळं, पांगळं, ठेंगणं मूल जन्मतं असं तिथे म्हटलं आहे, आणि त्याच यादीत ‘विकृताक्ष’ हा शब्द आहे. गर्भिणीच्या या अवस्थेला सुश्रुत ‘दौहृद’ म्हणतो, म्हणजे दोन हृदयांची. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्याच घराण्यातला. म्हणजे आजी अडाणी नव्हती. ती दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं पाठ्यपुस्तक तोंडपाठ म्हणत होती, इतकंच.

याच सुश्रुताने उत्तरतंत्राचे पहिले एकोणीस अध्याय डोळ्यांना दिले, शहात्तर नेत्ररोग मोजले, मोतीबिंदू शलाकेने बाजूला सारण्याची क्रिया बारकाईने सांगितली. पण डोळा तिरका का होतो आणि तो सरळ कसा करायचा, याकडे त्या शस्त्रक्रियेच्या महापंडिताने मोर्चा वळवलेला दिसत नाही. ग्रीकांचंही फारसं वेगळं नव्हतं. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथात तिरळ्या आईबापांना तिरळी मुलं होतात, असं निरीक्षण आहे. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. सातव्या शतकातल्या पॉल ऑफ इजिना या वैद्याने पहिल्यांदा उपाय सुचवला: मुलाच्या चेहऱ्यावर मुखवटा बांधायचा, त्याला सरळ समोर दोन भोकं ठेवायची, तान्ह्या बाळाचा डोळा ज्या बाजूला वळतो त्याच्या विरुद्ध बाजूला दिवा किंवा रंगीत लोकर ठेवायची. पाळण्यावर टांगलेल्या चिमण्यांमुळे बाळ चकणं होतं, ही आपल्याकडची समजूत आणि पॉलचा हा उपाय एकाच तर्काची दोन टोकं आहेत. डोळा ही सवय लागणारी वस्तू आहे, असं दोघांनाही वाटत होतं. ते पूर्ण चूक नव्हतं, पण सवय डोळ्याला लागत नाही, मेंदूला लागते, हे कळायला तेराशे वर्षं जायची होती.

संस्कृत पंडितांच्या एका न्यायाचा इथे उल्लेख करायला हवा. काकाक्षिगोलकन्याय. कावळ्याला बुबुळ एकच असतं आणि तो ते गरजेप्रमाणे या खोबणीतून त्या खोबणीत फिरवतो, अशी समजूत होती. वाक्यातला एकच शब्द मागच्या पदाशीही जोडायचा आणि पुढच्याशीही, असा प्रसंग आला की व्याकरणकार या कावळ्याला बोलावत. कावळ्याच्या बाबतीत हे खोटं आहे. पण आलटून-पालटून तिरळ्या होणाऱ्या मुलाच्या बाबतीत ते जवळजवळ शब्दशः खरं आहे. त्याला डोळे दोन असतात, पण एका वेळी तो एकानेच पाहतो. उजव्याने पाहिलं की डावा वळतो, डाव्याने पाहिलं की उजवा. बुबुळ फिरत नाही, लक्ष फिरतं.

आता तंजावर. मराठी राजवटीत डोळ्यांच्या आजारांची पद्धतशीर नोंद कुणी ठेवली असेल तर ती दुसऱ्या सरफोजीने. १७९८ ते १८३२ हा त्याचा काळ. राज्याचा कारभार १७९९च्या तहाने इंग्रजांकडे गेला आणि राजाकडे उरला तो किल्ला, तनखा आणि भरपूर वेळ. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा मराठी इतिहास कोरून घेणारा हाच राजा. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली तो शिकला, युरोपातून पुस्तकं आणि शस्त्रक्रियेची हत्यारं मागवली, ‘धन्वंतरी महाल’ नावाची वैद्यकशाळा चालवली. तिथे अनुभवाला आलेले उपचार तमिळमध्ये लिहून काढले गेले, त्यात नेत्ररोगांचा स्वतंत्र भाग आहे. त्याहून मोलाची आहेत ती सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली नेत्ररुग्णांची टिपणं. त्यांच्यासोबत डोळ्यांची हाताने रंगवलेली चित्रं आहेत. छायाचित्रणाच्या आधीच्या काळात, एका मराठी राजाच्या पदरच्या चित्रकाराने आजारी डोळा समोर ठेवून काढलेली! त्यांचा मुख्य विषय मोतीबिंदू. सरफोजी १८३२ मध्ये वारला. तिरळा डोळा शस्त्राने सरळ करण्याचा पहिला यशस्वी प्रयोग बर्लिनमध्ये झाला तो त्यानंतर सात वर्षांनी. तंजावरच्या वैद्यांना तो माहीत असता तर त्यांनी केला असता, असं मला उगाच वाटतं. त्यांचा हात आणि त्यांची जिज्ञासा दोन्ही त्या जातीची होती.

बर्लिनच्या आधी एका भामट्याची हकीकत सांगणं भाग आहे, कारण तिच्यातून तिरळेपणाचं अर्धं वैद्यक समजतं. अठराव्या शतकात जॉन टेलर नावाचा इंग्रज नेत्रवैद्य, स्वतःला ‘शेव्हेलियर’ म्हणवून घेत, डोळे रंगवलेल्या घोडागाडीतून युरोपभर हिंडत असे. संगीतकार बाखच्या डोळ्यांवर १७५० मध्ये शस्त्र चालवलं ते यानेच. बाख त्याच वर्षी गेला. टेलर भर चौकात तिरळेपणा ‘बरा’ करून दाखवी. तिरक्या डोळ्यावरच्या पातळ त्वचेला लहानसा काप द्यायचा आणि लगेच चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची. जमलेले लोक बघत, तर तिरका डोळा खरोखर सरळ झालेला! टाळ्या, पैसे, आणि पट्टी काढायच्या दिवसाआधी टेलर पुढच्या गावाला.

यात जादू काही नव्हती. चांगला डोळा झाकला की पाहण्यासाठी दुसरा डोळा आपोआप सरळ येतो, कारण त्याच्या स्नायूंत बहुधा बिघाड नसतोच. आजही आम्ही हेच करतो, फक्त पट्टीऐवजी तळहात किंवा पुठ्ठा वापरतो. मुलाला समोरच्या खेळण्याकडे बघायला सांगायचं, एक डोळा झाकायचा आणि उघडा डोळा हलतो का ते पाहायचं. हलला, तर तो आधी वस्तूवर नव्हता. मग दुसरा झाकायचा. या दोन मिनिटांच्या तपासणीला कुठलंही यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. ज्या युक्तीने टेलरने लोकांना लुबाडलं, ती युक्ती म्हणजे तिरळेपणाच्या निदानाची पहिली पायरी आहे.

दुसरी पायरी मला आमच्याकडच्या गणपतीच्या शाळेत नीट कळली. कोकणात मूर्ती घडवायच्या जागेला शाळा म्हणतात. सगळं रंगकाम झालं की शेवटी मुख्य मूर्तिकार डोळ्यांची आखणी करतो; ते काम तो पोरांच्या हाती देत नाही. कट्ट्याच्या एका मूर्तिकाराला मी विचारलं, नजर सरळ आली हे कसं ओळखता? त्याने बुबुळातल्या पांढऱ्या ठिपक्याकडे कुंचला दाखवला. दोन्ही डोळ्यांत ठिपका एकाच जागी पडला पाहिजे. गव्हाभर सरकला तर देव चकणा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या युलियस हिर्शबर्गने मेणबत्तीच्या उजेडात नेमकं हेच केलं होतं. समोर ज्योत धरली की तिचं प्रतिबिंब दोन्ही डोळ्यांत सारख्या जागी दिसायला हवं. एका डोळ्यात ते एक मिलिमीटर सरकलेलं असेल तर डोळा साधारण सात अंशांनी वळलेला आहे. मेणबत्तीच्या जागी बॅटरी आली, बाकी पद्धत तीच. हिर्शबर्ग नेत्रवैद्यकाचा थोर इतिहासकारही होता. त्याला ही शाळा दाखवायला हवी होती.

या तपासणीचा एक उपयोग असा की खोटा तिरळेपणा लगेच ओळखता येतो. बाळाचं नाक बसकं असतं, नाकाकडची कातडी बुबुळाच्या आतल्या पांढऱ्या भागावर येते आणि डोळे आत वळल्यासारखे दिसतात. बॅटरीचे ठिपके मात्र जागच्या जागी असतात. अशी बाळं मोठी झाली की नाक वर येतं आणि ‘तिरळेपणा’ जातो. ‘मोठा झाल्यावर आपोआप जाईल’ हा घरोघरचा सल्ला या बाळांच्या जिवावर जगलेला आहे. खऱ्या तिरळ्या मुलाला तोच सल्ला दिला जातो आणि त्याची वर्षं जातात.

२६ ऑक्टोबर १८३९. बर्लिनमध्ये योहान फ्रीडरिश डिफेनबाख या शल्यविशारदाने सात वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्याचा नाकाकडचा स्नायू कापला आणि आत वळलेला डोळा सरळ झाला. कल्पना त्याची एकट्याची नव्हती. आदल्याच वर्षी श्ट्रोमायरने ती मृतदेहावर करून सुचवली होती. भूल अजून यायची होती, त्यामुळे मुलाला माणसांनी धरून ठेवावं लागे. तरीही वर्ष-दोन वर्षांत या शस्त्रक्रियेची युरोपात साथच पसरली. सरळ डोळ्यांच्या आनंदात कुणी फार मोजमाप केलं नाही. स्नायू पूर्ण तोडल्यामुळे कित्येकांचे आत वळलेले डोळे पुढे बाहेर वळले. घरातल्या चोराला हाकलताना भिंत पाडावी तसं झालं. मोजून-मापून स्नायू मागे सरकवायचा आणि तिथेच शिवायचा, ही आजची पद्धत रुळली ती विसाव्या शतकात, जेमसनच्या १९२२ मधल्या कामानंतर.

पण शस्त्राने डोळा सरळ झाला तरी अनेकांना त्या डोळ्याने दिसत नसे. हे कोडं शल्यविशारदांना सुटेना. त्याचा धागा खरं तर शतकभर आधी बुफों या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाच्या हाती लागला होता. दोन डोळ्यांची शक्ती असमान असली की दुबळा डोळा वळतो, आणि सबळ डोळा काही काळ झाकून ठेवला तर दुबळा सुधारतो, असं त्याने १७४३ मध्ये लिहिलं. मग १८६४ मध्ये डच वैद्य डोंडर्सचा ग्रंथ आला. त्याने दाखवलं की आत वळणाऱ्या डोळ्यांच्या बऱ्याच मुलांना मोठा प्लस नंबर असतो. स्पष्ट दिसावं म्हणून मूल डोळ्याच्या भिंगावर जोर देतं, आणि भिंगावर जोर दिला की डोळे आत वळतात, कारण निसर्गाने या दोन क्रिया एकाच दोरीला बांधल्या आहेत. अशा मुलाला नुसता चष्मा दिला की जोर थांबतो आणि डोळे सरळ होतात. शस्त्र नाही, पट्टी नाही. माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं सुख हेच होतं. तीन वर्षांचं पोर चष्मा लावून महिनाभराने येतं, डोळे सरळ. चष्मा काढला की परत आत. आई सारखी काढून-घालून बघत राहते.

फ्रान्समध्ये एमिल झावाल नावाचा नेत्रवैद्य होऊन गेला. त्याच्या वडिलांना तिरळेपणा होता आणि बहिणीलाही. व्हीटस्टनने १८३८ मध्ये केलेला स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवून मनात एकच खोलीदार चित्र उभं करणारं यंत्र, तोवर दिवाणखान्यातलं खेळणं झालं होतं. झावालने ते उपचाराला लावलं. बहिणीला तो चित्रांच्या जोड्या दाखवत राहिला, महिनोन्‌महिने. डोळे नुसते सरळ दिसणं त्याला पुरेसं वाटत नव्हतं. दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहता यायला हवं, हा त्याचा आग्रह. १८९६ मध्ये त्याने तिरळेपणावर पुस्तक लिहिलं. पुढे काचबिंदूने तो स्वतः ठार आंधळा झाला, आणि तेव्हा त्याने आंधळ्यांसाठी पुस्तक लिहिलं.

लंडनच्या क्लॉड वर्थने १९०३ मध्ये या दोन डोळ्यांच्या सहकार्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली, दोन्ही डोळ्यांची चित्रं एकाच वेळी जाणवणं. दुसरी, ती एकमेकांत मिसळणं. तिसरी, त्यातून खोली कळणं. मोठ्या रुग्णालयांत आजही एक दुर्बिणीसारखं जोडयंत्र असतं. त्यात एका डोळ्याला सिंह दिसतो, दुसऱ्याला पिंजरा, आणि मुलाने दांडा सरकवत सिंह पिंजऱ्यात घालायचा. काही मुलांना सिंह दिसतो तेव्हा पिंजरा नसतो आणि पिंजरा दिसतो तेव्हा सिंह पळालेला असतो. काकाक्षिगोलक! या व्यायामोपचारांचा पेशा उभा केला तो मॅडॉक्स बापलेकीने. वडील अर्नेस्ट यांनी डोळ्यांचं छुपं वळण मोजायची साधनं काढली, आणि मुलगी मेरी हिने १९३०च्या सुमारास लंडनच्या रुग्णालयात पहिलं उपचार केंद्र चालवलं. भारतात हे प्रशिक्षण घेतलेली माणसं मोठ्या शहरांपलीकडे आजही विरळ आहेत.

पण मूळ कोडं? सरळ केलेल्या डोळ्याला दिसत का नाही? ते सोडवलं हार्वर्डच्या ह्यूबेल आणि वीझेल यांनी, मांजरीच्या पिल्लांवर. साठच्या दशकात त्यांनी पिल्लाची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. नंतर डोळा उघडला तर तो निर्दोष, पण मेंदूतल्या दृष्टिकेंद्रातल्या पेशी त्याला ओळखच देईनात. दुसऱ्या डोळ्याने ती सगळी जमीन बळकावली होती. पिल्लांना कृत्रिम तिरळेपणा दिला तेव्हा दोन्ही डोळ्यांना एकत्र दाद देणाऱ्या पेशी जवळपास नाहीशा झाल्या. मोठ्या मांजरात यातलं काहीच घडत नाही. १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. योगायोगाने रत्नागिरीतून फुटून सिंधुदुर्ग जिल्हा झाला तेही त्याच वर्षी.

या एका शोधाने मला दोन रुग्ण एकदम समजले. एक देवबागचा तांडेल, साठीच्या आसपासचा, मधुमेही. सकाळी उठला तो सांगत आला, “डॉक्टरानू, माका दोन-दोन होडये दिसतत. खंयची खरी?” त्याची डोळा बाहेर वळवणारी सहावी नस लुळी पडली होती. मोठ्या माणसाचा मेंदू दोन्ही डोळ्यांचं ऐकायला शिकलेला असतो. एक डोळा वळला की त्याला जग दुहेरी दिसतं. अशा माणसाला आधी तज्ज्ञांकडे धाडायचं, साखर आणि रक्तदाब बघायचे, आणि तोवर चष्म्याच्या एका काचेवर चिकटपट्टी लावून द्यायची. मधुमेहातली अशी नस बहुधा तीनेक महिन्यांत आपोआप सावरते, त्याचीही सावरली. दुसरा रुग्ण आचऱ्याचा पाच वर्षांचा मुलगा, त्याचा डोळा तांडेलापेक्षा जास्त वळलेला. पण त्याला कधीच दोन दिसले नाहीत. त्याच्या मेंदूने वळलेल्या डोळ्याचं म्हणणं ऐकणंच बंद केलं होतं. तांडेल ओरडत आला म्हणून वाचला. मुलाला काहीच त्रास नव्हता, आणि त्याचं नुकसान त्यातच होतं.

तिरळेपणा हा मुलाच्या तक्रारीवरून सापडणारा आजार नाहीच. तो कुणीतरी बघावा लागतो. कधी तर तो डोळ्यांत दिसतही नाही, मानेत दिसतो. चौथी नस जन्मतः दुबळी असली की मूल दोन प्रतिमा जुळवण्यासाठी मान एका खांद्याकडे कलती ठेवतं. शाळेत त्याला ‘सरळ बस’ म्हणून छड्या मिळतात. अशा वेळी डॉक्टर घरातला जुना अल्बम मागवतात. लहानपणच्या फोटोंतही मान तशीच असेल तर दुखणं जुनं, फोटोत सरळ असेल तर नवं आणि काळजीचं. इतिहासाच्या साधनांमध्ये स्टुडिओतल्या फोटोंचा असा उपयोग दुसऱ्या कुठल्या शास्त्राने केला असेल असं मला वाटत नाही.

मग आमच्या किनाऱ्यावर हे बघायला होतं कोण? वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा दवाखाना होता. मिरजेला वॉन्लेसने १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं, त्याच मिशनचा हा समुद्राकडचा हात. तिथले डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यात जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातला राजदूत. अशा दवाखान्यांचा दिवस तापात, बाळंतपणात आणि मोतीबिंदूत जाई. तिरळेपणाने कुणी मरत नाही, त्यामुळे तो रांगेत शेवटी. डोळ्याच्या मोठ्या कामाला बोटीने मुंबई गाठायची, गिरणगावातल्या चाकरमान्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत मुक्काम करायचा आणि जे. जे. किंवा परळ. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली तेव्हा हा प्रवास एका रात्रीचा झाला. खालच्या तालुक्यांना गोव्याचं बांबोळी जवळ पडतं. तिथल्या वैद्यकशाळेची परंपरा १८४२ पासूनची.

शाळांतल्या तपासण्या नव्वदच्या दशकात नेमाने सुरू झाल्या, पण पाचवीतलं मूल दहा वर्षांचं असतं. अंगणवाडीपर्यंत पथकं पोचली ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानंतर. २०१३ मध्ये त्याचा देशभरचा शुभारंभ आपल्याच पालघरला झाला. तपासणीचं वय खाली आलं, हा मी पाहिलेल्या काळातला सर्वांत मोठा बदल मानतो. यंत्रांपेक्षाही मोठा.

तरी कथा आडव्या येतातच. सगळ्यात चिवट कथा नशिबाची. “तो डोळो नशिबाचो असा, तेका हात लावूया नको,” हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं की त्याचा माग काढायचं ठरवलं. एक गोष्ट लक्षात आली. नशिबाचा डोळा बहुतेक मुलग्याचा असे. मुलीचा तिरळा डोळा कुणी भाग्याचा मानत नव्हतं. तिच्यासाठी आई-बाप यायचे ते सतराव्या-अठराव्या वर्षी, स्थळं बघायला सुरुवात झाली की. म्हणजे मुलगा नशिबामुळे उशिरा आणि मुलगी लग्नामुळे उशिरा. दोघांचाही एक डोळा तोवर मेंदूने काढून टाकलेला.

पडद्यानेही यात भर घातली. येवल्यात १९१६ साली जन्मलेल्या ललिता पवार नायिका म्हणून नाव काढत होत्या. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड चुकून जोरात बसली, चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, तीन वर्षं उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नेत्रवैद्यकाच्या दृष्टीने तो तिरळेपणा नव्हे. चेहऱ्याची सातवी नस वेगळी आणि डोळा फिरवणाऱ्या तिसरी, चौथी, सहावी या नसा वेगळ्या. पण प्रेक्षकाला हा फरक कुठला! त्या डोळ्याने त्यांना खाष्ट सासू दिली, पुढे दूरदर्शनवरची मंथरा दिली, आणि वाकडा डोळा म्हणजे वाकडं मन हे समीकरण घरोघर पक्कं झालं. त्याच डोळ्याने ‘अनाडी’तली मायाळू मिसेस डिसाही साकारली होती, हे मात्र लोक विसरले.

मांजरीच्या पिल्लांच्या प्रयोगाने शास्त्राचीही एक कथा झाली, आणि ती आजीच्या कथेइतकीच चिवट ठरली. पुस्तकांनी लिहिलं, सात-आठ वर्षांनंतर आळशी डोळ्याला उपचार नाही. हे वाक्य जगभरच्या दवाखान्यांत शिक्क्यासारखं वापरलं गेलं. मग अमेरिकेतल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या गटाने एकामागून एक चाचण्या घेतल्या. २००२ मध्ये दिसलं की मध्यम आळशी डोळ्यात चांगल्या डोळ्याला पट्टी लावण्याऐवजी त्यात ॲट्रोपिनचे थेंब घालून तो धूसर केला तरी जवळपास तितकाच गुण येतो. २००३ मध्ये कळलं की अशाच मुलांना दिवसाचे दोन तास पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी पडते. हे आमच्यासाठी वरदान होतं, कारण चार वर्षांच्या मुलाला ऑक्टोबरच्या उकाड्यात सहा तास पट्टी लावून ठेवणं काय असतं ते त्याच्या आईलाच विचारावं. आणि २००५ मध्ये सात ते सतरा वर्षांच्या पाचशे सात मुलांची चाचणी आली. सात ते बारा वयोगटात पट्टी आणि थेंबांनी त्रेपन्न टक्के मुलांना गुण आला, नुसत्या चष्म्याने पंचवीस टक्क्यांना. तेरा ते सतरा गटात एकूण फरक पडला नाही. पण ज्यांच्यावर आधी कधीच उपचार झाले नव्हते, त्यांच्यातल्या सत्तेचाळीस टक्क्यांना गुण आला, नुसत्या चष्म्यावर असलेल्या वीस टक्क्यांना. आमच्या किनाऱ्यावरची उशिरा आलेली मुलं नेमकी याच शेवटच्या रांगेतली, कधीच उपचार न झालेली. त्यांना शिक्का मारून परत पाठवायला आता आधार उरलेला नाही. लवकर येणं चांगलंच. उशिरा आलेल्याला दार बंद करणं वेगळं.

उलट बाजूने अतिरेकही होतो. जवळचं वाचताना डोळे पुरेसे आत न वळणाऱ्या मुलांचं डोकं दुखतं, ओळी हलतात. २००८च्या एका चाचणीत दवाखान्यात बारा आठवडे घेतलेल्या व्यायामाने यातल्या जवळपास पाऊण मुलांना आराम पडला. त्यावर शहरांत दुकानं उघडली आणि डोळ्यांच्या व्यायामाने अभ्यासात प्रगती, अशा पाट्या लागल्या. २०१९ मध्ये त्याच संशोधकांनी तपासलं, तर वाचनाच्या गुणांत लुटुपुटूच्या व्यायामापेक्षा काही फरक आढळला नाही. पाट्या अजून आहेत.

आणखी एक गंमत. सुरकुत्या घालवायला नटनट्या जे बोटॉक्स टोचून घेतात, ते मुळात तिरळेपणासाठी घडवलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. ॲलन स्कॉट यांनी शस्त्राऐवजी सुईने स्नायू सैल करण्यासाठी ते विष वापरलं. १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती डोळ्यांच्या दुखण्यांसाठीच. चकण्याच्या औषधाने सुंदरांचा धंदा उभा राहिला, याला काय म्हणावं!

मोठ्या वयात शस्त्रक्रिया करून गेलेली नजर परत येत नाही. डोळा सरळ दिसतो, काहींना थोडी खोलीची जाणीव येते. म्हणून कित्येक जण तिला ‘नुसती सौंदर्याची’ म्हणून मोडीत काढतात. मला हा शब्द पटत नाही. निवृत्तीच्या आदल्या वर्षी पस्तिशीतली एक बाई आली होती, मासे विकणारी. लहानपणापासून डावा डोळा बाहेर. गिऱ्हाइकाला पैसे सांगितले की शेजारचीच बाई पर्समध्ये हात घाली, म्हणून ती नेहमी मान वळवून बोले. बांबोळीला तिची शस्त्रक्रिया झाली. दीड महिन्याने दाखवायला आली तेव्हा मी बॅटरी मारून ठिपके पाहिले, दोन्ही जागेवर. तिला विचारलं, आता काय अडचण? ती म्हणाली, “आधार कार्डावरचो फोटो बदलून गावतलो काय?” मी तिला सेतू कार्यालयाचा पत्ता लिहून दिला.